कपाशीखालचं निंबखेड

अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला येईनासा झाला आणि आमच्या वऱ्हाडातल्या कपाशीला कधी नव्हे तो भाव आला. त्या दिवसांत मी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होतो. राहणारा अमरावतीचा, पण त्या हिवाळ्यात आमचा तळ बाळापूरच्या बाजूला एका खेड्याबाहेर पडला होता. नवा नकाशा ताडून पाहायला साहेबांनी मला एक जुना नकाशा दिला होता. चाळीसेक वर्षांपूर्वी कोणी टेकड्यांवर दुर्बिणी लावून तो केलेला. कागद कापडावर चिकटवलेला, घड्यांवर पार विरलेला.

त्यात तळापासून कोसभर दक्षिणेला सात बारीक चौकोन होते, म्हणजे घरं. शेजारी विहिरीचं वर्तुळ, आणि खाली इंग्रजी अक्षरांत नाव: ‘निमकेर’. मी आदल्याच दिवशी तिकडून फिरून आलो होतो. तिथे कपाशीशिवाय काहीही नव्हतं.

खेड्याच्या तरुण पाटलांना विचारलं, तर ते हसले. “गाव? तिथं तं बाभळीचं बन होतं जी. भाव वाढला तसं दोन सालाखाली तोडलं आमी.”

मला वाटलं, नकाशा करणाराच चुकला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूसमोर नकाशा पसरून सोबतच्या कारकुनाला त्यावरची नावं वाचून दाखवत होतो. भाजी घेऊन येणारी माळीण तेवढ्यात टोपली उतरवत होती. पन्नाशीची बाई. जो तो कपाशी पेरू लागल्याने भाजीला गिऱ्हाईक वाढलं होतं, म्हणून तिचे दोन मुलगे वर्षभरापूर्वीच नदीकाठची जमीन कसायला इकडे आले होते. मी ‘निमकेर’ म्हणालो आणि उतरवत असलेली टोपली तिच्या हातातच राहिली.

“काय म्हन्लं, भाऊ? पुन्हा म्हना.”

मी पुन्हा म्हणालो.

“निमकेर नाही. निंबखेड. माह्यं गाव हाये थे.”

तिने सांगितलं ते असं. ती सात-आठ वर्षांची असताना गावात पटकीची मरी आली. घरटी एकदोन माणसं गेली. उरलेल्यांनी एका सकाळी बैलगाड्या जुंपल्या आणि वाट फुटेल तिकडे निघून गेले. तिच्या मामाने तिला पार पूर्णा नदीपलीकडे नेलं. तिथेच ती वाढली, तिथेच लग्न झालं. गाव कुठल्या दिशेला होतं हेही तिला सांगता येत नव्हतं. “पोरं म्हन्तात, माय सपनातलं सांगून राहिली. मलेबी कधीकधी तसंच वाटे.”

दुपारी आम्ही निघालो. मी, ती, आणि तिचा थोरला मुलगा. तो मुकाट्याने मागून येत होता. काम टाकून यावं लागल्याचा राग त्याच्या चालण्यात दिसत होता. जुन्या नकाशातल्या दोन खुणा अजून जागेवर होत्या, खेड्यातलं मारुतीचं देऊळ आणि दक्षिणेची बोडकी टेकडी. त्या दोन्हींवरून होकायंत्राने दिशा धरून मी कपाशीत शिरलो. बोंडं फुटलेली होती, वेचणाऱ्या बाया आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे मी थांबलो आणि खाली पाहिलं.

पायाखालची माती काळी नव्हती. राखेसारखी फिकट होती. आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख आणि भिंतींची माती मिसळून ती तशी होते. हा शब्द मी शेकडो वेळा कागदावर लिहिला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यावर उभा होतो. झाडांच्या बुडाशी खापऱ्या होत्या, एका बांगडीचा निळा तुकडा होता.

विहीर शोधायला वेळ लागला नाही. बाभळीच्या काट्यांनी झाकलेला एक खळगा होता. मुलाने काटे ओढून काढले, आणि दगडी काठ वर आला. काठावर दोराने घासून पडलेल्या खोल खाचा होत्या. बाई खाली बसली, एका खाचेत बोट घातलं.

“इथून माह्यी माय पानी काढे. त्या टेकडीवर पितळेची नळी घेऊन मानसं आली होती, त्याइले इथलंच पानी देल्लं तिनं. मले आठवते. मी नळीतून पाहू म्हन्लं तं त्याइनं उचलून दाखवलं.”

माझ्या हातातला नकाशा त्याच माणसांचा होता. हे लहानसं वर्तुळ ज्याने काढलं, त्याने या विहिरीचं पाणी पिऊन मग ते काढलं होतं. तेव्हापासून तो कागद कुठे कुठे फिरला असेल, आणि अखेर ज्या पोरीला त्यांनी उचलून घेतलं तिच्यापुढेच येऊन उलगडला होता. नकाशा म्हणजे अंतरं आणि कोन, असं मी समजत आलो होतो.

तिने विचारलं, “यात माह्यं घर कोनतं?”

मी सात चौकोन दाखवले. तिने कागद फिरवून घेतला, टेकडीकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, आणि कडेच्या एकावर नख टेकवलं. मग उठली आणि कपाशीतून थेट तीसेक पावलं चालत गेली. मुलगा तिच्या मागोमाग गेला. मी विहिरीजवळच थांबलो.

“माय,” तो म्हणाला, “दार कोनीकडे होतं?”

ती हाताने दाखवू लागली.

साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी दोन दिवसांनी स्वतः जाऊन विहीर पाहिली. नव्या नकाशात त्या जागी मी ‘ओसाड गाव’ असं लिहिलं, आणि वर, तिने उच्चारलं होतं तसं, निंबखेड.