कानामागचा सेल

भिंगारच्या बाजारात सहादेव घड्याळवाले भर उन्हाळ्यातही कानटोपी घालून बसत. कानात वारं जातं, असं ते सांगत. वारं कुठलं! टोपीखाली ऐकण्याचं यंत्र होतं, मुलानं पुण्याहून आणलेलं. आजवर घड्याळ कानाला लावून त्याचं दुखणं ओळखणारा माणूसच बहिरा झालाय हे कळलं, तर दुकानात कोण येईल, ही धास्ती त्यांनी घेतली होती.

चौऱ्याहत्तर साली शाळेतल्या नीलांबरीबाई एक नवलाचं मनगटी घड्याळ घेऊन आल्या. बोटीवर नोकरी करणाऱ्या भावाचं, जपानी, किल्ली न देता सेलवर चालणारं क्वार्ट्झ. टेबल पुसताना त्यांच्या हातून ते फरशीवर पडलं आणि थांबलं.

"काका, मी मोडलं का हो हे? कालपासून घास गिळवत नाहीये."

सहादेवांनी असलं घड्याळ कधी उघडलं नव्हतं. तसं त्यांनी सांगूनही टाकलं. धक्क्यानं काटे फिरवायची कळ बाहेर आली असेल म्हणून दाबून पाहिली; ती आतच होती. झाकण काढलं. सेलवरची पत्र्याची पट्टी उचलली गेली होती, ती चिमट्यानं बसवली. काटा ढिम्म. आता एक तर सेल संपला होता, नाहीतर मशीनच गेलं होतं. ताडून पाहायला दुसरा सेल हवा, आणि तसला सेल साऱ्या भिंगारात एकच होता, त्यांच्या कानामागं.

'मुंबईला पाठवा' म्हणून सुटता आलं असतं. पण बाईंचा चेहरा बघवेना. त्यांनी टोपी काढली, यंत्रातला सेल काढला. तो जाड होता, झाकण लागलं नसतं. घड्याळातल्या सेलच्या जागी काडीनं दाबून नुसता धरला. सेकंदकाटा टुणकन पुढं उडाला. मग पुन्हा.

बाईंचे ओठ हलले.

"मोठ्यानं बोला, बाई. मला ऐकू येत न्हाई."

बाईंनी वर्गातला आवाज लावला. "मशीन चांगलं आहे ना?"

अख्खी गल्ली वळून बघायला लागली. शेजारचा शिंपी, श्रीमंत त्याचं नाव, तो तर शिवण टाकून उठलाच.

"व्हय. तुमच्या हातनं काई मोडलं न्हाई. सेल संपतच आला हुता, पडल्याचं निमित्त झालं. भावाला नवा धाडायला सांगा."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि हसत घरी गेल्या. सहादेवांनी सेल पुन्हा यंत्रात घातला. आता दुकान बसलं, असंच त्यांच्या मनानं घेतलं. मान वर करवेना.

श्रीमंत आत आला. मनगटावरचं घड्याळ सोडून त्यानं समोर ठेवलं आणि सहादेवांनी वर बघेपर्यंत थांबून सावकाश म्हणाला, "मामा, माजं रोज मागं पडतंय. जरा बघा."