वडिलांनी नापास केलेली गायिका

२६ फेब्रुवारी, गुरुवार. कंपनीला सुट्टी. काम: माळ्यावरच्या कॅसेटी खाली काढायच्या, बघायच्या, टाकून द्यायच्या.

हे काम तीन वर्षं पडून होतं. वडील गेल्यावर आई दोन खोकी घेऊन माझ्याकडे पिंपळे सौदागरला राहायला आली. एकात वडिलांचे कपडे होते, ते लगेच देऊन टाकले. दुसऱ्यातल्या कॅसेटी कुणी घेईना, आणि त्या वाजवायला घरात काही नाही. त्या आजच काढायचं कारण मला नीट माहीत होतं. उद्या सकाळी कंपनीत कानांची तपासणी होती. रिकामी बसले असते तर दिवसभर त्याचाच विचार केला असता.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेस शॉपची सुपरवायझर आहे. पत्रा आत जातो, साचा वरून आदळतो, भाग बाहेर पडतो. असे नऊ प्रेस एका ओळीत, दिवसभर. माझ्या हाताखाली अकरा बायका. यंत्र बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. तो मला इतरांच्या आधी कळतो, म्हणून मी त्या जागेवर आहे. निदान सगळे असं समजतात.

मागच्या मंगळवारी मी दोन प्रेसच्या मधल्या रस्त्यावर उभी राहून नोंदी लिहीत होते. कुणीतरी मागून माझा एप्रन इतक्या जोरात ओढला की हातातलं पेन उडालं. चार नंबरच्या प्रेसवरची बाई होती. मी जिथे उभी होते, बरोबर तिथून फोर्कलिफ्ट मागे मागे येत निघून गेली.

"ताई, केव्हाची बोंबलतेय ती गाडी. उभ्या उभ्या झोपलात काय?"

"लक्ष नव्हतं माझं," मी म्हटलं.

ती हसली आणि कामाला लागली. फोर्कलिफ्ट मागे येताना टीं टीं टीं असा बारीक, टोकदार आवाज करते. तो मला ऐकूच आला नव्हता. कानात प्लग होते, असं मी दोन दिवस स्वतःला सांगितलं. पण प्लग तिच्याही कानात होते. घरी कुणाला यातलं काही बोलले नाही.

खोकं उघडलं. वरच्या थरात भजनं, खालच्या थरात भजनं. सगळे गायक पुरुष, सगळे आवाज भरदार, खर्जातले. आमच्या घरात बाईचं गाणं चालत नसे. तशी मनाई नव्हती, पण वडिलांनी निकाल दिलेला होता.

वडील चिंचवडजवळच्या जुन्या गावातले. घरची थोडी शेती, गावच्या भजनी मंडळात पखवाज, आणि नोकरी पिंपरीतल्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात, हॅमरवर. लोहार तापल्या लोखंडावर घण घालतो, तेच काम, फक्त तो घण आमच्या घराएवढा उंच होता. गुरुवारी सुट्टी असली की जेवणानंतर रेडिओ लागायचा. त्या काळातली एक फार मोठी गायिका सुरू झाली की वडील हात वर करायचे.

"बंद करा. ह्या बाईचं शब्दच कळत न्हाईत. तोंडात पानी धरून गाती."

मग भजन गाणाऱ्या एका जाड आवाजाच्या गायकाची कॅसेट लागायची. वडील मांडीवर ठेका धरायचे. "आता ऐका. शब्दन्शब्द घरात येतोय. ह्याला म्हनायचं गानं."

आम्ही तीन भावंडं ते ऐकून मोठी झालो. "आमच्यात ती बाई ऐकत नाहीत," असं मी शाळेत सांगायचे, आमच्यात वांगं खात नाहीत म्हणावं तसं. मैत्रिणी तिची गाणी वहीत उतरवून घ्यायच्या, मी नाक मुरडायचे. नवऱ्याला ती आवडते. त्याला मी वीस वर्षं सांगत आले की तुला नुसता गोडवा कळतो, तिला अर्थ कुठे पोचवता येतो? हे मी वडिलांचं ऐकून बोलत होते असं मला कधी वाटलं नाही. मला खरोखरच तिच्यात काही सापडत नव्हतं. ज्याच्या घरात पहिल्यापासून एकच बाजू ऐकवली जाते, त्याला दुसरी बाजू सापडायला तरी कशी?

दोन वर्षांपूर्वी कंपनीत सुरक्षेचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेला माणूस म्हणाला, सततच्या गोंगाटानं आधी बारीक आणि उंच आवाज जातात. माणूस बहिरा वाटत नाही. त्याला ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं आधी पुसट होतं. पुरुषांचा जाड आवाज जास्त दिवस टिकतो.

बाकीच्या बायका चहाची वाट बघत होत्या. मला आमचा गुरुवारचा रेडिओ आठवला. वडील म्हातारपणी ठार बहिरे झाले होते, ते वयामुळे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण त्या गायिकेला त्यांनी नापास केलं ते चाळिशीच्या आत.

त्या दिवशी मी तो विचार तिथेच थांबवला. त्यांचे कान ते त्यांचे, माझी आवड ती माझी, असं ठरवून चहा प्यायला गेले.

आज खोक्याच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वेगळी कॅसेट निघाली. आत कागदाची घडी. घडीवर वडिलांच्या वळणदार अक्षरात अकरा गाण्यांची यादी. अकराही गाणी त्याच गायिकेची.

आई शेजारी गवार मोडत बसली होती. मी कॅसेट तिच्यापुढे धरली.

"ही व्हय," आई म्हणाली. "पिंपरी कॅम्पातल्या दुकानातनं भरून आनलीय ह्यांनी. तवा यादी दिली की दुकानदार गानी भरून द्यायचा. टेप घेतला त्या दिवशी पयली हीच लावली. तू चारेक वर्साची असशील."

"आण्णांना ती आवडायची?"

"लई. मला रोज ऐकायला लागायचं, मला कट्टाळा यायचा. तवा हे कारखान्यात स्टोअरला व्हते, सामान मोजायला. मग हॅमरवर गेले. दोन-चार वर्सं झाली आन म्हनायला लागले, बाई बिघडली. आता पयल्यासारखी गात न्हाई." आईनं एक शेंग मोडली. "मी म्हनलं, आवं, कॅसेट तीच हाय, मग बाई कशी बिघडंल? तर म्हनले, कॅसेट झिजली."

"तू त्यांना काही बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? पुरुष मानसाला बहिरा म्हनायचं?"

तेवढ्यात लेक कॉलेजातून आली. तिनं यादी वाचली, पसाऱ्यातच बसली आणि पहिलं गाणं मोबाइलवर लावलं. मोबाइल तिनं स्टीलच्या डब्यात उभा ठेवला, आवाज मोठा यावा म्हणून.

गाणं मला ऐकू येत होतं, म्हणजे चाल कळत होती. पण आवाजावर ओला टॉवेल टाकल्यासारखं वाटत होतं. शब्दांची टोकं बोथट. तोंडात पाणी धरून गाती. हे वाक्य माझ्या मनात जसंच्या तसं आलं आणि मी हातातलं काम थांबवलं.

"मम्मी, मागचं घुंगरू ऐक ना," लेक डोळे मिटून म्हणाली. "किती बारीक ठेवलंय."

"कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? सगळ्या गाण्यात आहे. आत्तासुद्धा."

मी आईकडे बघितलं. आईचं वय बाहत्तर.

"वाजतंय की," आई म्हणाली. "पलीकडनं कुनी चालत गेल्यागत."

मी डब्याजवळ सरकले आणि कान खाली नेला. आवाज मोठा झाला. त्यात घुंगरू नव्हतं. गाणं संपलं असं वाटून मी सरळ बसले, तर लेकीची मान अजून हलत होती. ती थांबेपर्यंत मी तिच्या मानेकडे बघत राहिले.

"आवडलं?" तिनं विचारलं.

"ठीक आहे."

"तुला कोण आवडतं गं पण? परवा माझ्या गायिकेला म्हणालीस, तोंडातल्या तोंडात गाते. त्याआधी दुसरीला म्हणालीस, हल्लीच्यांचे उच्चार साफ नाहीत. आजोबांची गादी चालवतेस तू."

ती थट्टा करत होती. मी उठून माळ्याची शिडी घडी करायला गेले. शिडीचा खटका दोनदा चुकला. गेल्या वर्षभरात मी किती जणींना नापास केलं ते आठवायला लागले. कँटीनमध्ये, लग्नात, गाडीत. प्रत्येक वेळी तक्रार एकच, शब्द कळत नाहीत. आणि प्रत्येक वेळी ती बाईच.

मग दुसरी गोष्ट आठवली, ती जास्त वाईट होती.

मी प्रेस शॉपला लागले त्या वर्षी वडील मला भेटायला आले होते. तोवर ते ओठ बघून बोलणं ओळखायचे. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन एक युक्ती सांगितली. कानाची तपासणी काचेच्या खोलीत होते. आपण आत कानाला हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. आवाज सोडणारा माणूस काचेपलीकडे बसतो. "त्याच्या हाताकडं न्हाई बघायचं, त्याला संशय येतो. कोपराकडं बघायचं. कोपर हाललं की दाब. आमी समदे हॅमरवाले तसंच पास व्हतो. न्हायतर स्टोअरला बसवत्यात, हॅमरचा मान जातो."

ते अठरा वर्षं कोपराकडे बघून पास झाले. प्रत्येक रिपोर्ट चांगला, म्हणून त्यांना हॅमरवरून कुणी हलवलं नाही.

आणि मागची दोन वर्षं मीही तेच करत होते. पहिल्या वेळी सहज नजर गेली म्हणून. दुसऱ्या वेळी मुद्दाम. फाइलीत माझे कान उत्तम आहेत.

कान खराब निघाले तर मलाही स्टोअरला बसवतील. बावीस वर्षांची जागा जाईल. नाही निघाले तर मी त्या नऊ यंत्रांमध्ये उभी राहीन, बिघाड ऐकू आल्यासारखी मान हलवत, आणि साच्याखाली हात घालणाऱ्या अकरा बायका माझ्या कानांच्या भरवशावर असतील. कुठलं जास्त भीतीचं, ते मला ठरवता येईना.

संध्याकाळी भाकरी करताना मी आईला सगळं सांगितलं. फोर्कलिफ्टचं, घुंगराचं. कोपराचं सांगताना थांबले.

"तू बी कोपराकडं बघतीस," आईच म्हणाली.

मी भाकरी उलटली.

"ही पोरगी लहान व्हती तवा आजोबांना गानं म्हनून दाखवायची," आई म्हणाली. "हे खाली मान घालून बसायचे. तिला वाटायचं आजोबा रागावले. ती रडायची. आन हे मला म्हनायचे, पोरगी तोंडातल्या तोंडात बोलती, तिला नीट बोलायला शिकवा."

बाहेरच्या खोलीतून लेक काहीतरी म्हणाली. मी "काय?" म्हटलं. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा "काय?" म्हटलं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "कोशिंबीर करू का, इचारतीय."

भजनांच्या कॅसेटी पिशवीत भरून दाराशी ठेवल्या. ती एक कॅसेट आणि यादी मात्र कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला कंपनीच्या बसनं चाकणला गेले. तपासणीची गाडी गेटाच्या आत उभी होती, पुढे बायकांची रांग. माणूस मागच्याच वर्षीचा होता. त्यानं मला ओळखलं. "या मॅडम, तुमचं दोन मिनिटांचं काम." मी गाडीतल्या काचेच्या खोलीत गेले, हेडफोन लावला, बटण हातात घेतलं. काचेपलीकडे त्याचं कोपर टेबलावर टेकलेलं दिसत होतं.

मी उठले, स्टूल फिरवलं आणि काचेकडे पाठ करून बसले.

त्यानं दार उघडलं. "मॅडम, इकडे तोंड करून बसतात."

"असंच बसू दे," मी म्हटलं. "तिकडे तोंड केलं की तुमचं कोपर दिसतं."

त्यानं दार लावून घेतलं. समोर राखाडी भिंत होती. पहिले आवाज जाड आले, वडिलांच्या गायकासारखे, स्पष्ट. मी बटण दाबत गेले. मग शांतता झाली. ती लांबत गेली. तिकडे त्याचं कोपर हलत असणार, हे मला माहीत होतं. अंगठा बटणावर होता. मी तो दाबला नाही.