सोमवारचा फोन

धाकट्या जावेला, चिमणाबाईला, शुगर निघाली तेव्हा शालूबाई तिच्या उशाशी बसून ढसाढसा रडल्या होत्या. पुढं सहा महिन्यांतच त्या शुगरवरून त्या तिच्यावर जळायला लागल्या.

शालूबाईंचा स्वभाव तसा हेव्यादाव्याचा नव्हे. चिमणाबाईनं पाटल्या केल्या, दारात दुचाकी आणली, पण शालूबाईंच्या कपाळावर आठी उमटली नाही. तरी माणसाचं मन कशासाठी लाळ गाळील याचा नेम नाही.

कसबा बावड्यात दोघा भावांची दोन घरं, मध्ये एकच भिंत आणि मागची पडवी सामाईक. थोरल्या म्हणून शालूबाईंनी सगळ्यांचं केलं. सासूचं दुखणं काढलं, नणंदांची बाळंतपणं केली, दोन म्हशींच्या धारा तर अजून त्यांच्याच हातच्या. नवरा गणपतराव साखर कारखान्यातून रिटायर झालेले, बोलणं एवढंच की ‘हूं’. मुलगा राजवीर पुण्यात. त्याचा फोन वडिलांना यायचा, आणि ‘आई बरी आहे ना?’ याचं उत्तरही वडीलच ‘हूं’ म्हणून देऊन टाकायचे.

तर झालं असं. शहरातल्या एका दवाखान्यात नव्या गोळीवर संशोधन सुरू झालं. शुगरमुळं ज्यांचे तळपाय जळतात, त्यांना ती गोळी द्यायची आणि वर्षभर लक्ष ठेवायचं. तळपाय दोघी जावांचे जळत होते. दोघी नवी लुगडी नेसून गेल्या. रक्त तपासलं. चिमणाबाईला घेतलं. शालूबाईंना तिथली तरुण डॉक्टर क्रांती हसून म्हणाली, “काकू, तुम्हाला शुगर नाहीच. तुमचे पाय कशानं जळतात ते वेगळं दाखवायला हवं.”

शालूबाईंनी पहिलंच वाक्य ऐकलं आणि परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखं तोंड करून त्या घरी आल्या.

पण हार मानणारी बाई नव्हे ती. हंगाम चालू होता, शेजारच्या गुऱ्हाळावर गूळ रटरटत होता. शुगर नाही म्हणजे काय, आणू की! आठवडाभर त्यांनी भाकरीबरोबर वाटीवाटी काकवी ओढली, वर गुळाचा खडा. पुन्हा दवाखान्यात जाऊन हट्टानं रक्त दिलं. रक्तानं पुन्हा दगा दिला. पदरात पडली ती फक्त आंबट ढेकर.

“आपलं रक्तच दळभद्री,” त्या म्हशीला म्हणाल्या.

गोळीवाचून एक वेळ त्यांनी भागवलं असतं. भागेना ते फोनवाचून. दर सोमवारी, सकाळचं दूध डेअरीला गेलं की चिमणाबाईला डॉक्टर क्रांतीचा फोन यायचा. चिमणाबाई पडवीत ऐसपैस बसायची, स्पीकर लावायची आणि वर म्हणायची, “आक्का, भांडी जरा दमानं घासा. माझा फोन येणार हाय.”

फोनवरची पोरगी विचारायची, झोप लागली का काकू? पायावर पांघरूण सोसतं का? जेवण जातं का? आणि शेवटी, दर वेळी न चुकता, “मन कसं आहे?”

मन! त्या घरात चाळीस वर्षं काढली, पण शालूबाईंना हे कुणी चुकूनसुद्धा विचारलं नव्हतं. आणि ही चिमणी, जिला साधा चहासुद्धा हातात आणून द्यावा लागतो, तिचं मन दर सोमवारी विचारलं जात होतं. शालूबाईंच्या पोटात असा आगडोंब उसळायचा की तळपायांची आग बरी. तरी सोमवार आला की निवडायचं सूप घेऊन त्या पडवीतच बसायच्या. धार काढताना त्या प्रश्नांची उत्तरं स्वतःशीच द्यायच्या.

तीन महिन्यांनी चिमणाबाईला गुण आला. शालूबाईंना तो न सांगता दिसला. बाई अनवाणी अंगण झाडायला लागली, हळदीच्या कार्यक्रमात पोरींबरोबर नाचली. आता सोमवारी काय सांगते बघू, म्हणून शालूबाई कान टवकारून बसल्या.

“न्हाय वो डॉक्टर,” चिमणाबाई कण्हत म्हणाली, “कशाचा फरक! ओलं फडकं गुंडाळून पडतो, तवा कुठं डोळा लागतोय. म्हशीखाली बसलं की पोटऱ्यांत गोळं येत्यात.”

शालूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. ही बया जन्मात म्हशीखाली बसली नव्हती! हे तर त्यांनी आदल्या दिवशी हिच्यापाशी काढलेलं गाऱ्हाणं.

“आणि मन कसं आहे, काकू?”

“मन कसलं! पोराचा फोन येतोय, पर माझ्याशी कोण बोलतंय? भिताडासंगं बोलायचं झालंया.”

चिमणाबाईला पोरगा नव्हताच. दोन मुली होत्या, त्या रोज तासतास बोलायच्या.

फोनवर डॉक्टर क्रांतीनं सुस्कारा सोडला. “म्हणजे गोळी तुम्हाला लागूच पडत नाही. मला तसं लिहावं लागेल.”

शालूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गोळी हिला, फोन हिला, आणि आता दुखणीसुद्धा हिनंच न्यायची? सूप भिरकावून त्यांनी फोन हिसकावला.

“खोटं बोलतीया ती! पाय तिचं बरं झाल्यात, हळदीत नाचली की! ही सगळी दुखणी माझी हायत. माझी!”

चिमणाबाईचं तोंड एवढंसं झालं. “बरं वाटतंय म्हणलं तर फोन बंद हुईल म्हनून सांगिटलं, आक्का.”

“फोन वर्षभर येणारच आहे, चिमणाकाकू, बरं वाटलं तरीही,” पलीकडून आवाज आला. “खरंच बरं वाटतंय ना? तसंच लिहिते मग.” मग पोरगी मऊ आवाजात म्हणाली, “आणि शालूकाकू, तुम्ही सांगा. मी ऐकतेय. तुम्हाला काय काय होतंय? मन कसं आहे?”

आरडाओरडा ऐकून गणपतराव दारात येऊन उभे राहिले होते. चिमणाबाई खाली मान घालून हळूच म्हणाली, “सांगा की आक्का. पोटऱ्यांचं सांगा. राजवीरचं सांगा.”

शालूबाईंनी फोन तोंडाशी धरला. किती महिने घोकलेलं सगळं ओठाशी आलं होतं. त्यांनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा जावेकडं.

“मला?” त्या म्हणाल्या. “मला काय धाड भरलीया!”

आणि फोन त्यांनी चिमणाबाईच्या हातात देऊन टाकला.