बेसिनखालच्या वन्सं

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, वीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे उभ्या होत्या. कुठल्या पाइपला कुठला नट, झोपेतून उठवून विचारा. दुकान बंद झालं तेव्हा त्या मामंजींना म्हणाल्या, "बाबा, आता मी तुमच्याबरोबर प्लंबिंगला येणार."

मामंजींनी सहा महिने हाताखाली घेतलं, पण एकटीला कुठे पाठवेनात. गुडघे कुरकुरत असले तरी स्वतःच बेसिनखाली शिरायचे. शेवटी ठरलं. आमच्या बाथरूममधलं नवं बेसिन वन्संनी एकटीने जोडायचं आणि खाली वर्तमानपत्र पसरायचं. कागद कोरडा राहिला तर उद्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडचं काम वन्संचं. भिजला तर मामंजीच जाणार.

"एक थेंब म्हणजे थेंबच हं," मामंजी उलट्या बादलीवर बसत म्हणाले.

"परीक्षा माझी की बेसिनची?"

"दोघांची!"

वन्सं बेसिनखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरल्या. बाहेर नुसते पाय, आतून आवाज. "अगं, पाना दे."

मी दिला.

"ही पक्कड आहे, बाई!"

"हिला कामाला घेऊ नकोस," मामंजी हसले.

तासाभरात जोडून झालं. बेसिन काठोकाठ भरलं, बूच उपसलं. पाणी गडगडत गेलं. मी मनात देवाचं नाव घेतलं. कागद कोरडा! मी टाळी वाजवणार, तोच वन्संनी कपाटाचा ड्रॉवर बसवला आणि तो अर्ध्यातच अडला. माप घेताना ड्रॉवर बाहेर काढून ठेवला होता. पाइपचं ते वाकडं वळण, ती दोघं ज्याला ट्रॅप म्हणतात, नेमकं त्याच्या वाटेत आलं होतं.

"वा! आता काय कापायचं, पाइप की ड्रॉवर?" मामंजी म्हणाले.

वन्सं परत आत गेल्या. खाली टब ठेवून ट्रॅप सोडवला, भिंतीकडे वळवून आवळला. ड्रॉवर सरकन आत गेला. मग तो काढून पुन्हा बेसिन भरलं आणि पुन्हा माझं नामस्मरण सुरू झालं.

मामंजींनी चष्मा पुसून कागद पाहिला. "कोरडा. पास!"

"थांबा," वन्सं आतून म्हणाल्या. त्या एकेका नटावरून कोरडं बोट फिरवत होत्या. "मागच्या नटाला ओल आहे. थेंब व्हायचाय अजून."

मला तर रागच आला. पास झाल्यावर कोणी आपलीच चूक उकरून काढतं का? "अहो वन्सं, वाळेल की!"

"वाळतेय कसली! संध्याकाळपर्यंत टपकायला लागेल."

त्यांनी नट सोडवला. आतला रबरी वायसर घाईत उलटा बसला होता. तो सरळ केला, नट आवळला, पाणी सोडलं, परत बोट फिरवलं. मग केसांत भुसा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, नापास धरा."

मामंजी खिशातून फोन काढून बराच वेळ नंबर शोधत बसले.

"डॉक्टरीणबाई, उद्या माझी मुलगी येईल... नाही हो, तब्येत ठणठणीत आहे माझी. एकटीच येईल... वेळ? ती तिलाच सांगा."

आणि त्यांनी फोन वन्संच्या ओल्या हातात दिला.