हेलनबाई आणि मंगळवारचे वॉर्बलर

पक्षी बघणाऱ्यांच्या वहीत पक्षी कमी आणि किस्से जास्त साठतात. पक्षी दोन सेकंद दिसतो आणि उडतो. मग उरलेला तासभर माणसं एकमेकांकडेच बघत उभी राहणार, त्याला काय करणार? माझ्याकडेही अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या चार-पाच वसंतांचे असे किस्से जमलेत. श्रीकांत म्हणतो, लिहून काढ एकदाचे, नाहीतर तू पाहुण्यांना सांगत बसतेस आणि इकडे भात करपतो.

*

१९८३चा मे महिना. श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, युनिव्हर्सिटीत मेटलर्जीत पीएचडी करत होता. माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला जोडलेला, त्यामुळे नोकरीची परवानगी नाही. तो सकाळी लॅबला गेला की मी नदीकाठी चालत सुटायची. नागपूरहून येऊन आठ महिने झाले होते, त्यातले निम्मे बर्फात गेलेले. श्रीकांत सोडला तर दिवसभरात माझ्याशी बोलणारा माणूस एकच, ग्रोसरीतला कॅशियर. तोही 'हॅव अ नाइस डे' एवढंच.

एका मंगळवारी नदीकाठच्या ओकखाली सात-आठ म्हातारी माणसं माना वर करून उभी दिसली. मला वाटलं, कुणाचं मांजर अडकलंय. मीही वर बघत उभी राहिले. शेवटी शेजारच्या उंच गृहस्थांना हळूच विचारलं, "फायर ब्रिगेडला फोन केलाय का?"

त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. कोवळ्या पानांत मुठीत मावेल एवढा पक्षी होता आणि त्याचा गळा पेटलेला होता. निखाऱ्यावर फुंकर घातली की जो रंग येतो ना, तोच.

"ब्लॅकबर्नियन वॉर्बलर," ते गृहस्थ म्हणाले. "फोन करायला हरकत नाही."

*

त्या गृहस्थांचं नाव रे. तीस वर्षं शहराची बस चालवून रिटायर झालेले. "तीस वर्षं समोर बघितलं, आता वर बघतो," असं म्हणायचे. दर मंगळवारी जमणाऱ्या या ग्रुपच्या मुख्य होत्या हेलन. वय सत्तरीच्या पुढे, शाळेत म्युझिक शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनीच मला समजावलं, की हे वूड-वॉर्बलर म्हणजे चिमणीहून लहान, रंगीत पक्षी. हिवाळा दक्षिणेत काढतात, मेमध्ये उत्तरेला निघतात, आणि वाटेत आमच्या नदीकाठी थोडे दिवस टेकतात. राहतात झाडाच्या शेंड्याला आणि क्षणभर स्थिर बसत नाहीत. म्हणून त्यांना आधी कानांनी ओळखायचं, डोळ्यांनी मागाहून.

"आणि मला हेलन म्हण," त्या म्हणाल्या.

आता सत्तरीच्या बाईंना मी नुसतं नावाने कशी हाक मारणार? जीभच वळेना. मी 'हेलनबाई' म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितलं, शाळेतल्या शिक्षिकेला आम्ही असंच म्हणतो. महिन्याभरात सगळा ग्रुप त्यांना हेलनबाई म्हणू लागला. पुढच्या वर्षी नवीन आलेल्या एका जोडप्याने तर त्यांना ख्रिसमसचं कार्ड पाठवलं. पाकिटावर नाव, मिसेस एच. बाई.

त्यांनी ते फ्रिजवर लावून ठेवलं होतं.

*

गाणी लक्षात ठेवायला त्या लोकांनी प्रत्येक पक्ष्याला इंग्रजी शब्द दिलेले असतात. ओव्हनबर्ड नावाचा पक्षी म्हणे 'टीचर, टीचर, टीचर' ओरडतो. मला काही केल्या ऐकू यायचं नाही. मी रडकुंडीला आले. वाटलं, या देशात आपल्याला माणसांचं बोलणं धड कळत नाही, पक्ष्यांचं काय कळणार.

हेलनबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे पक्षी बोलतात का?"

मी म्हटलं, "बोलतात तर. पावशा शेतकऱ्याला सांगतो, पेरते व्हा."

"मग यांनाही मराठी शिकव."

आणि त्याच क्षणी मला ऐकू आलं. झुडपातून ओव्हनबर्डचा आवाज चढत चालला होता: मीच का, मीच का, मीच का! घरातल्या सगळ्यात धाकट्या सुनेसारखा. यलो वॉर्बलर म्हणायचा, 'ये ये ये ये, चहा घेऊन जा.' आणि ब्लॅक-थ्रोटेड ग्रीन नावाचा, काळ्या गळ्याचा, पिवळ्या गालांचा, पाइनच्या टोकावर बसून पोवाड्यातल्या झिलकऱ्यासारखा सूर लावायचा: जी जी जी रं जी.

पोवाडा म्हणजे काय हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. पण त्यानंतर मिशिगनच्या धुक्यात, विलोंच्या लोंबत्या फांद्यांखाली, लोकरी टोप्या घातलेले आठ अमेरिकन म्हातारे-म्हाताऱ्या हलक्या आवाजात 'जी जी जी रं जी' म्हणत उभे असायचे. एका सकाळी बाजूने धावत गेलेला एक भारतीय विद्यार्थी थबकला. आमच्याकडे बघितलं. डोळे चोळले. आणि परत धावत सुटला.

*

श्रीकांतला हे सगळं म्हणजे रिकामपणाचे उद्योग वाटायचे. मी पोळ्या लाटताना गाणी घोकायची, तो कान झाकून थीसिस लिहायचा.

एकदा सकाळी नऊला फोन आला. त्याचा आवाज इतका दबलेला, की मला वाटलं लॅबमध्ये काही झालं. "अगं, तो इथे आलाय. बिल्डिंगच्या मागच्या झुडपात."

"कोण?"

"तुझा तो, मीच का."

मी बस पकडून पोचले तेव्हा तो झुडपापाशी उकिडवा बसला होता, बूट चिखलात. त्याची नऊची मीटिंग चुकली होती. गाईडनी नंतर विचारलं, उशीर का? त्याने खरं ते सांगितलं. गाईड म्हणाले, "टीचर, टीचर म्हणून हाक मारत होता ना? मग मीटिंगला मलाच शोधत आला असेल."

पुढच्या मंगळवारी श्रीकांत आणि गाईड, दोघेही नदीकाठी हजर.

*

वसंतातले हे नवरदेव सप्टेंबरात परत येतात तेव्हा ओळखू येत नाहीत. रंग उतरलेला, गाणं बंद, सगळे एकसारखे हिरवट. मी पुस्तकाची पानं उलटून उलटून रडवेली व्हायची. रे काका मात्र वहीत शांतपणे काहीतरी लिहीत असायचे. एकदा मी डोकावले. लिहिलं होतं:

"पान. पान. पान. पान उडालं. वॉर्बलर असावा."

हेलनबाई तेव्हा बाकावर बसून राहायच्या. पिवळी पानं खाली येत होती, हिरवे पक्षी वर जात होते, आणि नदीवर ऊन सांडलेलं. "शरदात ओळखायचं नसतं, नीला," त्या म्हणाल्या. "निरोप द्यायचा असतो. त्याला नाव कशाला लागतं?"

*

हेलनबाई दर वेळी मलाच विचारायच्या, "हं, आता कोण गातंय?" मी सांगायची, त्या मान हलवायच्या. मला वाटायचं परीक्षा घेतायत. चार वर्षं मी मन लावून परीक्षा दिली.

मग एका सकाळी डोक्यावरच एक बारीक, उंच सूर सुरू झाला. सगळे वर बघायला लागले. हेलनबाई बोलतच राहिल्या, कुठल्याशा बेकरीबद्दल. रे काकांनी हळूच त्यांच्या बाहीला बोट लावलं. त्या थांबल्या, वर बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, "नीला, कोण गं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. उंच पट्टीचे सूर त्यांना कित्येक वर्षं ऐकूच येत नव्हते. आणि रे काकांचं बोट कित्येक वर्षं त्या बाहीवर होतं.

मी उत्तर दिलं. त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. परत येताना रे काका एवढंच म्हणाले, "तू नेहमी बरोबर सांगतेस. तिला ते पुरतं."

*

१९८७च्या मेमध्ये आम्ही ॲन आर्बर सोडणार होतो. श्रीकांतला टेक्ससमध्ये नोकरी लागली होती. त्याच महिन्यात हेलनबाई पायरीवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. चालणं बंद. शेवटच्या मंगळवारी मी नदीवरून थेट त्यांच्या घरी गेले. खिडकी उघडी होती, त्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या.

मी वही काढून नावं वाचायला लागले. त्यांनी हात वर केला. "यादी नको. गाऊन दाखव."

मग मी गायले. एकेक पक्षी, मला जमेल त्या खालच्या पट्टीत, माझ्या मराठीत. त्या बोटांनी ताल धरत होत्या. मधेच "तिसरा सूर लांबला" म्हणून परत म्हणायला लावत होत्या. अकरा पक्षी झाले.

"आणि ब्लॅकपोल?"

ब्लॅकपोल सगळ्यांत शेवटी येतो. त्याचं गाणं म्हणजे एकाच सुरावरची सुईच्या टोकासारखी टिकटिक. हलकी सुरू होते, मोठी होते, विरून जाते. सगळ्या वॉर्बलरांत सगळ्यात उंच.

"ते माणसाच्या गळ्यातलं नाही हो, हेलनबाई."

"जमेल तसं."

मी श्वास घेतला. तेवढ्यात खिडकीबाहेरच्या मेपलमध्ये तो स्वतःच गायला लागला.

हेलनबाईंचे डोळे मिटलेलेच होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून हळूहळू वर गेला, वर्गात कोरसला इशारा देतात तसा, क्षणभर हवेत थांबला, आणि सूर विरत गेला तसा खाली आला. बरोबर शेवटच्या टिकटिकीला मांडीवर टेकला.

"बघ," त्या म्हणाल्या, "जमलं की तुला."

मी तोंड उघडलंच नव्हतं.