कालावलची खाडी, वरून

विमान चालवायला शिकणाऱ्या माणसाचा बराचसा वेळ जमिनीवर बसून जातो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी कदाचित या वाटेला गेलेच नसते. मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासून पायाला भिंगरी. आणि या शिक्षणात काय, तर टेबलावर नकाशा पसरायचा, पट्टी लावायची, वाऱ्याचा हिशेब करायचा, पुसायचं, पुन्हा करायचं. एका तासाच्या उड्डाणासाठी अख्खा दिवस कागदावर.

घाटावरच्या एका छोट्या फ्लाइंग स्कूलमध्ये मी शिकत होते. परवान्याआधी तिथे एक लांबचा प्रवास एकटीने करावा लागतो. दोन आसनांचं विमान, आणि त्यातलं शिकवणाऱ्या सरांचं आसन रिकामं. माझा मार्ग ठरला होता. घाट उतरून रत्नागिरी, तिथून किनारा धरून दक्षिणेला चिपीचा विमानतळ, तिथे उतरून इंधन भरायचं आणि घाट चढून परत. किनाऱ्याचा टप्पा बरोबर आमच्या घरावरून जाणारा. कालावलची खाडी समुद्राला मिळते तिथे, एका अंगाला दर्या आणि दुसऱ्या अंगाला खाडी, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर आमची वाडी आहे. हा टप्पा मी डोळे मिटून करीन, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

अशा प्रवासासाठी नकाशावर खुणा काढाव्या लागतात. वाटेत दर थोड्या वेळाने खाली एखादी ठळक गोष्ट दिसायला हवी. ती दिसली की घड्याळ बघायचं, वेळ लिहायची आणि पुढची शोधायला लागायचं. बरोबरची मुलं पूल, धरणं, रेल्वेचे फाटे शोधत बसली. मी सरळ बाबांना फोन लावला.

बाबा ट्रॉलरवर तांडेल होते, म्हणजे बोट नेण्याची जबाबदारी त्यांची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून घरी असतात. ते बोटीवर असतानाच जीपीएस आलं होतं, पण बाबा त्याची बटणं दाबायचे ती मालकाचं मन राखायला. त्यांची भिस्त किनाऱ्यावरच्या खुणांवर. समुद्रातून बघताना जवळची एक आणि लांबची एक, अशा दोन गोष्टी धरायच्या. कुणकेश्वराच्या देवळाचं शिखर मागच्या डोंगराच्या खिंडीत आलं की आपण अमुक ठिकाणी. माडांचं टोक सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, एकट्या वडाखाली आलं की खाली खडक, जाळं टाकायचं नाही. विजयदुर्गपासून पार चिपीपर्यंतच्या अशा जोड्या त्यांनी मला फोनवर एका दमात सांगितल्या. त्यांचा आवाज मी कितीतरी दिवसांनी इतका मोठा ऐकला. मी खूश. पोरांनो, तुम्ही शोधा पूल, असं मनात म्हणत मी सगळ्या खुणा नकाशावर चढवल्या.

मग सरांबरोबर त्याच मार्गाची तालीम झाली. देवगडच्या पुढे मी खाली बघायला लागले आणि मला काहीच ओळखू येईना. दर्यातून जो डोंगर आभाळाला टेकलेला दिसतो, तो वरून डोंगर नसतोच. मे महिन्यात करपलेला एक सडा, शेजारी त्याच रंगाचा दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. शिखर कुठेतरी एका बाजूला, खिंड तर नाहीच. एकामागे एक उभ्या राहणाऱ्या बाबांच्या जोड्या खाली कशाही विखरून पडल्या होत्या. त्यात समुद्रावरून आलेलं धुरकं. मी पुढची खूण शोधू लागले, ती नाही. मागची कोणती होती तेही आठवेना.

"आपण कुठे आहोत?" सरांनी विचारलं.

खाली एक खाडी चमकत होती. "कालावल," मी म्हणाले.

ती आचऱ्याची खाडी होती, आमच्या अलीकडची. सरांनी शांतपणे खाली पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझं घर कुठे म्हणालीस?"

मी सांगितलं.

"मग घरी कळव, तुमची खाडी मी आचऱ्याला नेऊन ठेवली."

सर टोमणा मारतात तेव्हा ठीक असतं. खाली उतरल्यावर ते टोमणे मारत नव्हते. त्यांनी माझा नकाशा बघितला, खुणा कुठून आल्या ते विचारलं आणि घडी घालून परत दिला. "समुद्रातला माणूस आडवा बघतो, तू वरून सरळ खाली बघणार आहेस. सगळं नव्याने काढ. मला पटलं तर एकटीला सोडेन. नाहीतर पावसानंतर." पावसानंतर म्हणजे दिवाळीकडे. तोपर्यंत माझं काय झालं असतं कुणास ठाऊक. विमान तपासणीसाठी आत गेलं होतं, म्हणून मला चार दिवस सुट्टी मिळाली आणि मी एसटीने घाट उतरून घरी आले.

"आधी जेव, मगे काय ता सांग," आई म्हणाली. मी ताटावर बसले. बाबा पडवीतून ओरडले, "खुणा गावल्यो? कुणकेश्वराचा शिखर बरोब्बर खिंडीत इला मां?"

"गावल्यो थोड्यो," मी म्हणाले आणि ताटात बघत राहिले.

दुसरा दिवस मी घरभर नुसती फिरले. दर्यावर जायची, परत यायची, नकाशा उघडायची, मिटायची. वारा नैर्ऋत्येकडून यायला लागला होता. लोक होड्या वर ओढायला लागले होते, दुपार झाली की सह्याद्रीच्या बाजूला ढग चढायचे, आणि प्रत्येक ढग माझ्यावरच उठलाय असं मला वाटायचं. शेवटी घरापुढच्या खळ्यात प्लास्टिकची खुर्ची टाकून मी हवेतल्या हवेत विमान चालवायला बसले. डोळे अर्धे मिटायचे, हाताने एकेक बटण दाबायचं, तोंडाने पुटपुटायचं. आम्हा शिकणाऱ्यांना ही सवयच लावतात. आईने थोडा वेळ बघितलं आणि खुर्ची उचलून सुकत घातलेल्या कोळंबीजवळ ठेवली. "हातवारे करूचेच आसत तर सुंगटांकडे बसून कर. कावळे तरी येवचे नाय."

शेजारची काकी दगडी गडग्यापलीकडून बघत होती. "चेडवाच्या आंगात येता काय गो?"

"विमान चलयता ती," आई म्हणाली. "मधी बोलू नको, पडात."

मला हसू यायला हवं होतं. मी खुर्चीला लाथ मारली आणि पडवीत गेले. बाबा जुनं जाळं मांडीवर घेऊन उगाच गाठी तपासत होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं.

"बाबानू, खुणा गावाक नाय. एक पण नाय. वयरसून डोंगर सपाट दिसता."

ते गाठीवरून बोट फिरवत राहिले. "आख्खो जल्म त्याच खुणांनी बोट घराक हाडली मी. चुकीच्यो आसत काय त्यो?"

"चुकीच्यो नाय. त्यो दर्यातसून बघूच्यो. मी दर्यात नसतंय."

मग ते जाळं उचलून माडांखाली जाऊन बसले. जेवण तिथेच मागवलं, अंधार पडल्यावर आत आले. मला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. माझं एकटीचं उड्डाण अडकलंय आणि समजूत मी यांची घालायची का, असं वाटून मी तणतणत राहिले.

सकाळी स्वतःच म्हणाले, "चल, स्कूटर काढ."

आम्ही खाडीपलीकडच्या सड्यावर गेलो. जिथे रस्ता संपतो तिथून पुढे ते माझा खांदा धरून हळूहळू चालले. कडेला आलो तर खाली सगळं उघडं पडलेलं. समुद्राला समांतर धावणारी खाडी, मधली आमची चिंचोळी वाळू, माडांची रांग, मुखाशी पाण्याखालची रेती फिकट हिरवी दिसत होती. त्या रेतीवर भरतीची वेळ चुकली की बोट लागते. बाबा आयुष्यभर तिला भ्यायले, पण वरून त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. ते बराच वेळ बघत राहिले.

"आता सांग, तुका वयरसून काय दिसता?"

मी सांगितलं. डोंगर विसरायचे, पाणी बघायचं. आचऱ्याची खाडी सरळ आत जाते, आमची आधी किनाऱ्याला घासत येते आणि मग वळते. मी बोलत गेले तशी मलाच ती नीट दिसायला लागली. बाबा शाळेतल्या मुलासारखे मान हलवत ऐकत होते, आणि मला ते बघवेना.

"आणि मशीन बंद पडला तर?" त्यांनी मध्येच विचारलं. "आमी नांगर टाकूचो नि दुसऱ्या बोटीची वाट बघूची. तू काय करतलंस?"

विमान लगेच पडत नाही, तरंगत खाली येतं, तेवढ्यात मोकळी जागा गाठायची, हे मी समजावलं. ते समजले, पण त्यांचा प्रश्न तो नव्हताच.

"सोबत कोण?"

"कोण नाय. एकटी."

त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. "मी कधी एकटो दर्यात जावक नाय," ते म्हणाले. "एक खलाशी तरी होतोच."

तेव्हा मला कळलं की मलाही भीती वाटते आहे, आणि ती चुकण्याची नाही. बाजूच्या रिकाम्या आसनाची आहे. परत येताना त्यांनी बाजारात स्कूटर थांबवायला लावली आणि ताजे बांगडे घेतले.

उरलेले दिवस मी किनाऱ्याने स्कूटर हाणत प्रत्येक खाडीचं मुख बघून आले. नकाशा नवा केला. सरांनी त्यावर कुठेही बोट ठेवून विचारलं, उलटसुलट विचारलं, मग पेन उघडलं आणि सही करता करता म्हणाले, "उद्या सकाळी. वारा वाढायच्या आत."

रात्री घरी फोन करून वेळ सांगितली. सकाळी मी रिकाम्या आसनाचा पट्टा स्वतः आवळला, लोंबत राहू नये म्हणून. रत्नागिरीपर्यंत नजर पुन्हापुन्हा त्या आसनाकडे जात होती. मग पाणी दिसलं, आणि मला कामाला लागावं लागलं. विजयदुर्ग, देवगड, मिठबाव. आचरं आलं, मी त्याला आचरंच म्हटलं. त्यानंतर किनाऱ्याला घासत जाणारी खाडी. वेळ लिहिली, दिशा थोडी सुधारली, मालवणचा किल्ला पाण्यात दिसतो का बघायला लागले. दिसला. चिपीला उतरले तेव्हा चाक टेकल्याचं मला थोड्या वेळाने कळलं.

इंधनाची गाडी येईपर्यंत घरी फोन केला. बाबांनी पहिल्या रिंगला उचलला.

"बघलंस आमका?"

"कोणाक?"

"आमका. आख्खी वाडी किनाऱ्यार हुबी होती. बायकांनी मोठी लाल चादर ताणून धरलली. तुझी आवस तर रडाकच लागली."

खोटं बोलणं किती सोपं होतं.

"नाय, बाबानू. बघूक नाय. खाडी वळखली, टायम लिवलो नि पुढची खूण शोधूक लागलंय. घराची आठवणच येवक नाय."

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणजे ते अजून किनाऱ्यावरच होते. मागून आईचा आवाज आला, काय म्हणता ती, दिसलंव काय आमी?

"व्हय गो," बाबा तिला म्हणाले, "दिसलंव म्हणता. चादर दिसली म्हणता."

मग बहुतेक ते चालत लांब गेले. पुन्हा बोलले तेव्हा आवाज अगदी हळू होता.

"बरा केलंस," ते म्हणाले. "खुणेवरसून नजर हलवलंस नाय. आता माका भिती नाय. जा तू एकटी."

फोन ठेवला आणि मी पंखाच्या सावलीत बसून रडले. गाडी आल्यावर डोळे पुसले, टाकीत काठी घालून इंधन मोजून घेतलं आणि आत चढले.