टपावरचे रूफ रेल
केळीच्या ताज्या खांबांचा ओला वास आला की मला कर्वेनगरातले आमचे शेजारी आठवतात. माझ्या नव्या, छोट्या एसयूव्हीवरचे रूफ रेल, म्हणजे टपावरच्या दोन लांब दांड्या, पाहून ते भर पार्किंगमध्ये म्हणाले होते, "अहो, ह्यांवर कपडे वाळत घालणार का?" पुढच्याच महिन्यात खराडीला त्यांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. गुरुजी तिकडे खोळंबलेले, टेम्पो आलाच नाही आणि पूजेचे केळीचे खांब त्यांच्या गाडीत मावेनात. "आपल्या टपावर बांधता येतील का?" त्यांनी हळूच विचारलं. मी म्हणालो, "जरा मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही!" बिचारे ओरडले, गॅलऱ्या बघ्यांनी भरल्या. मी खांब रेलला करकचून बांधले, त्यांना पुढे बसवलं आणि हॉर्न वाजवत सोसायटीला दोन सावकाश फेऱ्या मारूनच खराडी गाठली. मुहूर्त जेमतेम साधला. हल्ली कुणी विचारलं, रूफ रेल घ्यावेत का, की मी उलट विचारतो, "शेजारी कसे आहेत?"